अखंड चालू

"अखंड" हा शब्द मीच वापरला. दुसरा सुचला नाही. प्रोसेसर, लोड, सिम्युलेशन हे आईला कसं सांगावं ते कळत नव्हतं, आणि खरं तर मलाही ते नुकतंच कळायला लागलं होतं. ती ओट्याशी खाली बसून विळीवर भाजी चिरत विचारत होती, "म्हणजे आपण जेवताना पण चालू? झोपल्यावर पण? कुणी बघत नसलं तरी?"

"हो गं. अखंड. घटाजवळ तुझा दिवा असतो ना, तसं."

तिने विळीवरून उठून हात धुतले आणि लॅपटॉपच्या वायरवरून बाबांची चप्पल उचलून बाजूला ठेवली. तिला समजलं होतं. माझ्यापेक्षा जास्त समजलं होतं, हे मला नंतर कळलं.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला चाळीत राहतो. एक खोली, तिच्यातच ओटा आणि मोरी, पुढे गॅलरी. बाबा एमआयडीसीत रंगाच्या एका छोट्या कंपनीत ऑपरेटर आहेत. त्या आठवड्यात प्लांटवर कुठला रंग चालू आहे ते त्यांच्या नखांच्या कडांवरून कळतं. कधी निळा, कधी गुलाबी. साबणाने जात नाही. मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली, म्हणून बारावीपासून घरात एक विचित्र गोष्ट झाली होती: मी जे बोलेन ते "कॉलेजातलं" म्हणून सगळे खरं मानायचे. मला त्याची भीती वाटायची. मी काही चुकीचं सांगितलं तर ते दुरुस्त करायला घरात कुणीच नव्हतं.

उल्हासनगरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्रात प्रोजेक्ट होता. रंगाचा रेणू पाण्यातून निघून मातीच्या कणावर जाऊन बसतो का, आणि बसला तर टिकतो का, हा माझा विषय. सरांना तो आवडला. "घरचाच विषय आहे तुमचा," ते म्हणाले. प्रत्यक्ष पाणी घेऊन करायला उपकरणं नव्हती, म्हणून ते संगणकावर करायचं ठरलं. एक रंगाचा रेणू, त्याच्याभोवती पाण्याचे हजारो रेणू, खाली मातीचा एक थर. प्रत्येक अणू दुसऱ्याला किती ओढतो, किती ढकलतो, याचा हिशोब क्षणाच्या इतक्या बारीक तुकड्याने करायचा की डोळ्यांची पापणी लवेपर्यंतचा काळ मोजायला संगणकाला अनेक जन्म पुरले नसते. आपल्याला त्यातला अगदी कणभर हवा असतो. तेवढ्यालाच दिवसचे दिवस लागतात, प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालवून.

विभागातले संगणक संध्याकाळी बंद होत, शिपाईकाका मेन स्विचच खाली करत. इंटरनेटवर फुकट मिळणारी मशीनं काही तासांनी आपोआप तोडतात. सर म्हणाले, "तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना? त्याच्यावर लावा. मला एक ग्राफ द्या. सपाट झालेला. वर-खाली करणारा नको."

ग्राफ रेणूच्या मातीपासूनच्या अंतराचा; सपाट म्हणजे रेणू एका जागी बसला, स्थिर झाला. सरांच्या ओळखीच्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टवर एक मुलगा किंवा मुलगी हवी होती. दसरा झाला की ते निवडणार होते. "ग्राफ बरा आला तर तुमचं नाव पाठवतो," सर म्हणाले. मी "हो सर" म्हटलं, बाहेर जिन्यावर येऊन थोडा वेळ उभी राहिले. तिथून पुढे पीएच.डी. होते हे मी ऐकून होते. ते झालं नाही तर काय, हेही माहीत होतं. बाबांनी बदलापूरच्या एका कंपनीतल्या ओळखीच्या माणसाशी आधीच बोलून ठेवलं होतं. डिस्पॅचला बिलं करायला मुलगी लागणार होती.

लॅपटॉप जुना होता. कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला, मागे अजून त्यांचं स्टिकर. पहिल्या दिवशी मी तो गादीवर ठेवून सिम्युलेशन सुरू केलं आणि थोड्याच वेळात तो असा घोंगावायला लागला की शेजारच्या काकू दारातून डोकावल्या.

"काय गं, शिट्टी होत नाही का कुकरची?"

"लॅपटॉप आहे काकू."

"हा? मग बंद कर की. फुटंल."

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर मी टाकलं होतं. आकडा शंभराच्या जवळ गेला होता. आईने हाताची मागची बाजू लॅपटॉपला लावली, मला लहानपणी कपाळाला लावायची तशी, आणि माझ्याकडे बघितलं. मी बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून उल्हासनगरच्याच कॅम्प एकला गेले.

तिथे एका गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. मालक सिंधी, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी काय करते ते ऐकून त्यांनी चष्मा खाली घेतला.

"चौबीस घंटे? फुल लोड पे?"

"हो काका."

"बेटा, ये लॅपटॉप है, आटे की चक्की नहीं. चक्कीवाला भी दोपहर को शटर गिराता है."

पलीकडे बसलेला मोबाईलवाला हसला. "साईं, उसको चक्की ही बेच दो."

"तू चुप कर." त्यांनी मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीची राखाडी लोकर बसली होती. ती त्यांनी ब्रशने काढली, प्रोसेसरवरचं वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली. हात चालू असताना बोलत होते, अर्धं हिंदी अर्धं मराठी, आणि मी मनात लक्षात ठेवत होते. गादीवर, उशीवर कधी ठेवायचं नाही, खालून हवा घेतो तो. मागून थोडा उचलून ठेव, काहीही लाव, बाटलीची बुचं लाव. बॅटरी शंभर टक्के भरून ठेवू नकोस, साठ-सत्तरवर थांबव, नाहीतर गरमीने फुगते. समोर टेबल फॅन. आणि सगळ्यात शेवटी: "फुल मत भगा. सेटिंग में जा के सत्तर टका कर दे. धीरे चलेगा, पर चलेगा."

सत्तर टक्के केलं की तापमान ऐंशीच्या आत राहत होतं. आवाज कमी झाला. काकूंना कुकर ऐकू येईना. पण वेगही कमी झाला. मी हिशोब मांडून बघितला तेव्हा लक्षात आलं, सिम्युलेशन आता नवरात्रात संपणार. जेमतेम दसऱ्याला. तेव्हा ते मला फक्त उशिरा वाटलं, आणखी काही वाटलं नाही.

शीतपेयाच्या बाटल्यांची चार प्लास्टिकची बुचं मी लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली ठेवली. दाराजवळ जमिनीवर एक लाकडी फळी, तिच्यावर बुचं, बुचांवर लॅपटॉप, समोर टेबल फॅन. झाकण उघडं, कारण बंद केलं की तो झोपतो. अपडेट आला की आपोआप बंद होऊन सुरू होतो, म्हणून तेही थांबवलं. आईने हे सगळं एकदा नीट विचारून घेतलं आणि मग तिने आपले नियम त्यात घातले. प्लगला कुणी हात लावायचा नाही. फळीवरून ओलांडायचं नाही. आणि घर बंद करून कुठे जायचं नाही.

"का गं? तो काय पळून जातोय?" बाबा म्हणाले.

"अखंड आहे ना. घरात कुणीतरी पाहिजे."

अखंड दिवा असला की घराला कुलूप लावायचं नाही, ही तिच्या सासूकडून आलेली रीत. मी तिला सांगू शकले असते की याला कुणी सोबत लागत नाही. सांगितलं नाही. मलाही बरं वाटत होतं की कुणीतरी आहे. त्या आठवड्यात वांगणीला मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आई गेली नाही. मामाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "पोरीचं मशीन चालू आहे रे." पलीकडून मामा काहीतरी बोलला. आई म्हणाली, "तुला नाही कळायचं. कॉलेजचं आहे."

शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते. एमआयडीसीला सुट्टी असते, त्याच दिवशी दुरुस्तीची कामं काढतात. त्या दिवशी सकाळी मीच सिम्युलेशन थांबवलं. मध्येमध्ये ते आपली जागा नोंदवून ठेवतं, तिथून पुढे चालू करता येतं. आई बघत होती.

"मग अखंड कसं हे?"

"शुक्रवार माफ असतो, आई."

"दिव्याला नसतो," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवसांत ती हसलेली मला आठवते ती तेवढीच.

मग घट बसले.

आमचे घट खोलीच्या आतल्या कोपऱ्यात बसतात. परडीत माती, त्यात धान्य, मध्ये कलश, वर रोज एक माळ सोडायची, बाजूला समई. नऊ दिवस ती विझू द्यायची नाही. त्यासाठी वरचा पंखा बंद, खिडकी बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही दरवर्षी असेच राहतो, बाबा गॅलरीत झोपतात. या वर्षी आईने दिवा माझ्यासाठी लावला होता. ते तिने मला सांगितलं नाही, काकूंना सांगताना मी ऐकलं. "पोरीचं काम पार पडू दे म्हणून."

पहिल्याच माळेला भांडण झालं. टेबल फॅनचा वारा भिंतीवर आपटून कोपऱ्यापर्यंत जात होता आणि ज्योत आडवी होत होती.

"फॅन बंद कर," आई म्हणाली.

"बंद केला तर तो तापतो गं."

"मग दिवा विझू देऊ?"

बाबा कामावरून येऊन बसले होते. नखं त्या आठवड्यात निळी होती. "एकाला वारा पाहिजे, एकाला नको," ते म्हणाले. "आणि दोघांना तेल मीच पुरवतो."

शेवटी बाबांनीच तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आणला आणि समईच्या बाजूला आडोसा उभा केला. फॅन दाराकडे तोंड करून ठेवला. ज्योत सरळ राहिली. तापमान ऐंशीच्या आत राहिलं. मी आईकडे बघितलं, तिने समईत तेल घातलं. मग काही दिवस घरात दोन गोष्टी अखंड चालू होत्या. मी झोपेतून उठले की आधी आकडा बघायचे, ती उठली की ज्योत बघायची. ग्राफ खाली येत होता. रेणू मातीजवळ सरकत होता, परत लांब जात होता, पण दर वेळी थोडा कमी लांब. मला वाटायला लागलं होतं की होईल. मी त्या संस्थेच्या वेबसाइटवर तिथल्या झाडांचे फोटो बघायचे.

अष्टमीला सरांनी आतापर्यंतचा ग्राफ घेऊन बोलावलं. निघताना मी तापमान बघितलं, फॅन बघितला, आईला म्हटलं, "येते." ती म्हणाली, "जा. मी आहे."

सरांनी ग्राफच्या रेषेवरून पेन फिरवलं. मग म्हणाले, "येतोय. अजून थोडा चालू द्या. आता थांबवू नका." परतताना उल्हासनगर स्टेशनबाहेर मी आईसाठी तिला आवडणाऱ्या पिवळ्या शेवंतीची वेणी घेतली. त्या दिवशी मी खूश होते. ते आठवलं की मला कसंतरी होतं, म्हणून इथे लिहून टाकते.

घरी आले तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. अष्टमीच्या आरतीला चाळीतल्या बायका आल्या होत्या आणि आरती नुकतीच झाली होती. खोलीत धूप, कापूर आणि माणसांचा उबारा. खिडकी बंद. वरचा पंखा बंद. टेबल फॅनही बंद, त्याची वायर नीट गुंडाळून ठेवलेली. दाराजवळची फळी रिकामी होती.

लॅपटॉप कोपऱ्यात होता. घटाशेजारी, पाटावर, पाटावर घडी घातलेला हिरवा खण. पत्र्याच्या आडोशाच्या आत, समईच्या उजेडात. त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. स्क्रीन काळी होती.

"बायकांचे पाय लागत होते गं," आई म्हणाली. "दारात किती जणी आल्या. म्हटलं विद्येची वस्तू, पायाशी कशाला. दिव्याजवळ ठेवला. आणि ती झाकणं काढली खालची, देवीपुढे उष्ट्या बाटल्यांची झाकणं बरी नाही दिसत. टाकली नाहीत हं. जपून ठेवलीत."

तिने ओट्यावरून वाटी आणून दाखवली. वाटीत चार बुचं. धुऊन, पुसून.

मी लॅपटॉप उचलला. खण खालून गरम झाला होता, इस्त्री केल्यासारखा. माउस चालवायचा चौकोन एका बाजूने वर आला होता, आतून काहीतरी फुगून. बॅटरी. मी प्लग काढला. बटण दाबलं. परत दाबलं.

"बंद झाला का?" आईने विचारलं. "मी नाही हात लावला बटणाला. नुसता उचलून ठेवला. वायर पण लावलेली होती बघ."

काकू म्हणाल्या, "अगं, दमला असंल. किती दिवस चाललाय बिचारा."

दोघीतिघी हसल्या. मीही हसले, मला वाटतं. वेणी अजून हातातच होती, ती मी आईला दिली.

कॅम्प एकच्या काकांनी दुसऱ्या दिवशी आधी फुगलेली बॅटरी काढून दुकानाबाहेर वाळूच्या डब्यात टाकली. मग बोर्ड बराच वेळ तपासला. "इसको हवा नहीं मिली," ते म्हणाले. "नीचे कपड़ा था क्या?" मी मान हलवली. ते मला ओरडतील असं वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. डिस्क काढून हातात दिली. "डेटा है. मशीन नहीं है."

डेटा होता. सगळा होता, त्या दुपारपर्यंतचा. पण तो पुढे चालवायला दुसरा लॅपटॉप हवा होता, आणि तो शोधून त्यावर सगळं परत बसवेपर्यंत दसरा उलटून गेला असता. सरांना मी ग्राफ दाखवला. अगदी सपाट होण्याच्या तोंडावर तो तुटला होता. सर वाईट बोलले नाहीत. "आहे तेवढ्यावर लिहा," म्हणाले. "काय झालं लॅपटॉपला?"

"जुना होता सर."

संस्थेत दुसऱ्या कुणाचं नाव गेलं.

त्या नवमीला कॅम्पातून घरी पोचले तेव्हा खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. बाबांच्या कंपनीत त्या दिवशी मशीनं थांबवून, धुऊन, त्यांना हार घालतात, आणि घरीही बाबा आपली हत्यारं मांडतात. पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. आईची विळी. बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि लॅपटॉप काढून त्या ओळीत ठेवला. तो आता हलका झाला होता, बॅटरी आणि डिस्क काढल्यामुळे. बाबा म्हणाले, "तू लाव. तुझं हत्यार आहे." मी बोट कुंकवात बुडवलं आणि त्याला लावलं. मागे समई जळत होती. नऊच्या नऊ दिवस ती विझली नाही.

"दिवा नाही विझला बघ," आई म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात: "पंख्यामुळे का गं?"

"नाही आई. जुनाच होता तो."

"खरं?"

"दुकानदारच म्हणाले."

तिने मान हलवली. कॉलेजातलं बोलणं ती खरं मानते, म्हणून हेही मानलं असेल असं मी स्वतःला सांगितलं.

एम.एस्सी. झाली. पास झाले. आता बदलापूरला जाते. डिस्पॅचच्या टेबलावर एक संगणक आहे, माझ्या लॅपटॉपपेक्षा किती तरी चांगला. त्याच्यावर मी बिलं करते. एकदा सवयीने त्याचं लोड उघडून बघितलं होतं. दोन टक्के. दिवसभर तो दोन-तीन टक्क्यांवर चालतो, वर एसी, आणि संध्याकाळी आम्ही तो बंद करून निघतो. तो रेणू डेटाच्या त्या शेवटच्या ओळीनंतर बसला की परत पाण्यात गेला, ते कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलंही नाही. मीच कधीकधी बिलाच्या मध्ये थांबते.

या वर्षी परत घट बसले. परडी, माती, कलश, माळ. समई आईने फक्त सकाळ-संध्याकाळ आरतीपुरती लावली, मग विझू दिली. काकूंनी विचारलं, "अखंड नाही का यंदा?" आई म्हणाली, "उकडतं फार." बाबांनी माझ्याकडे बघितलं.

खिडकी उघडी होती. वरचा पंखा चालू होता आणि टेबल फॅनही तिने दाराजवळ लावून ठेवला होता, गेल्या वर्षी होता तिथेच, रिकाम्या फळीकडे तोंड करून. मी तो बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे. चालू राहू दे."